'धरणामुळे' म्हणजे नक्की कशामुळे? कोयनेच्या भूकंपाचं प्रकरण

'कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.' पाटण-कराडकडच्या माणसाला ही बातमी पाठ असते. केंद्रबिंदू हेळवाकपासून इतक्या किलोमीटरवर नैऋत्येला, तीव्रता तीनच्या आसपास, कुठेही हानी नाही. गावात त्यावर एकच प्रश्न विचारला जातो, "भांडी वाजली का?" वाजली असतील तर दोन मिनिटं बोलणं होतं, नाहीतर चहा पुढे चालू.

संशोधनपद्धती शिकवताना मी हे प्रकरण हमखास घेतो. त्यात भूशास्त्र, धरणाचं अभियांत्रिकी आणि सरकारी धोरण तिन्ही एकमेकांत अडकलेली आहेत, आणि तिघांचाही गोंधळ एकाच शब्दाभोवती होतो. तो शब्द म्हणजे 'धरणामुळे'.

आधी घटना. कोयना धरण १०३ मीटर उंच, सुमारे ८०० मीटर लांब, रबल काँक्रीटचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि थोड्याच काळात आसपासच्या गावांतून जमिनीखालून गुडगुड ऐकू येते, हादरे बसतात, अशा तक्रारी यायला लागल्या. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने धरणाभोवती भूकंपमापक बसवले. सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा धक्का येऊन गेला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली किंवा खिळखिळी झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान दिसतो. वीज गेली आणि तिचा फटका पार मुंबईला बसला. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं.

दख्खनचं पठार म्हणजे कातळ, हलणार नाही अशी जमीन, असं तोवर भूशास्त्राच्या वर्गात शिकवलं जायचं. भूकंप हिमालयात व्हायचे, आसामात व्हायचे. सह्याद्रीत सहाच्या वरचा भूकंप म्हणजे पाठ्यपुस्तकाला सुरुंग होता.

मग सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: हे धरणामुळे झालं का?

इथे मी विद्यार्थ्यांना थांबवतो. हा प्रश्न एक नाही, तीन आहेत. पाणी साठलं नसतं तर हा भूकंप झाला असता का? हा शास्त्रज्ञाचा प्रश्न. पुन्हा असाच धक्का आला तर ही भिंत टिकेल का? हा अभियंत्याचा. आणि पाणी भरू द्यायचं का, किती वेगाने भरू द्यायचं, लोकांची घरं कशी बांधायची, हा सरकारचा. तिघांना लागणारा पुरावा वेगळा आणि तो हाती यायला लागणारा वेळही वेगळा. शास्त्रज्ञाचं उत्तर येईपर्यंत अभियंता थांबू शकत नव्हता. कारण पुढचा पावसाळा जूनमध्ये येणारच होता.

पहिल्या प्रश्नातली खरी अडचण अशी. धरणापूर्वी तिथे भूकंप होत नव्हते, हे कशावरून? भूकंपमापक तर धरणानंतर आले. म्हणजे मोजायला लागल्यावर धक्के दिसायला लागले. ज्याने आयुष्यात रक्तदाब मोजला नाही त्याने यंत्र आणल्यावर 'यंत्र आणल्यापासून मला बीपी झालं' म्हणावं, तशातला हा प्रकार असू शकतो. महाबळेश्वर-सातारा भागातल्या जुन्या धक्क्यांचे उल्लेखही सापडतात. शंका घेणारे म्हणत होते की सह्याद्रीच्या कड्यालगत जुने भ्रंश, म्हणजे जिथे खडक सरकतो अशा जमिनीतल्या खोल चिरा, आहेत, ते कधीतरी सरकणारच होते, धरण नेमकं तेव्हा तिथे होतं इतकंच. शंका वेडगळ नव्हती. तिला उत्तर हवं होतं.

अर्धं उत्तर यंत्रं बसवण्याच्या क्रमातच होतं. यंत्रं आली म्हणून धक्के कळले, असं झालं नाही. लोकांना आधी हादरे जाणवले, मग यंत्रं आली. माणसाच्या पायाला कळणारे हादरे धरणाआधी इतक्या वारंवार बसत असते, तर खोऱ्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते माहीत असते. पण हा पुरावा साक्षीचा, मोजमापाचा नव्हे. साक्षीला वजन असतं, पण आकडा नसतो.

दुसरी अडचण आकाराची. १०० मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब १,३०० किलोच्या घरात असतो. म्हणजे जलाशयाने घातलेली भर एक टक्काही नाही. एवढ्याशा ओझ्याने डोंगर हलेल? फळ्यावर हा हिशोब मांडला की वर्गातले हुशार विद्यार्थी लगेच 'धरण निर्दोष' असा निकाल देऊन मोकळे होतात.

पण हा हिशोब ओझ्याचा आहे, आणि इथे मुख्य काम ओझं करत नाही. ते पाणी करतं. खडकातल्या भेगांमध्ये पाणी असतं, त्यालाही दाब असतो. त्याला छिद्रदाब म्हणतात. भ्रंशाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात म्हणून सरकत नाहीत. मधल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड सैल होते. भ्रंश आधीच सरकायच्या बेतात असेल, तर थोडीशी वाढही पुरते. भरलेली बैलगाडी उतारावर दगडाची ओट लावून उभी असते. ओट काढायला लागणारं बळ आणि गाडीचं वजन यांचा काही मेळ नसतो. म्हणून नंतर संशोधकांनी शब्दच बदलला. धरणाने भूकंप 'घडवला' असं न म्हणता धरणाने तो 'सोडवला' असं म्हणू लागले. ऊर्जा पृथ्वीची, चाप ओढला पाण्याने.

हे नुसतं कल्पनेचं काम नव्हतं. त्याच काळात अमेरिकेत याची चाचणी होत होती, पहिली तर अजाणता. डेन्व्हरजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्याचं सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबाने सोडलं जात होतं, आणि शहराला हादरे बसू लागले. १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं. तरी सर्वांत मोठे धक्के त्यानंतर, १९६७ मध्ये आले. दाब भेगांमधून पसरायला वेळ लागतो, हे त्यातून कळलं. मग कोलोरॅडोतल्याच रेंजली तेलक्षेत्रात मुद्दाम प्रयोग केला. पाणी दाबायचं, काढायचं, पुन्हा दाबायचं, आणि धक्के मोजत राहायचं. प्रयोगशाळेत खडकाचं घर्षण मोजून आधीच सांगितलं होतं की सुमारे २५७ बार (एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो) दाबाच्या वर भ्रंश सरकू लागेल. दाब त्याखाली आणला की धक्के विरळ होत होते. आकडा आधी सांगितलेला आणि नळ हातात, असा प्रयोग भूकंपशास्त्राच्या वाट्याला क्वचितच येतो.

कोयनेत नळ कुणाच्या हातात नाही. शंभर टीएमसी पाणी कुणी 'बघू या काय होतं' म्हणून सोडून देणार नाही. पण निसर्गाचा नळ आहे, आणि तो दरवर्षी चालू-बंद होतो. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जलाशय त्या चार महिन्यांत चढतो, उरलेल्या आठांत उतरतो. म्हणजे दरवर्षी एक आवर्तन. पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या वर्षानुवर्षं शेजारी मांडत गेलं की एकट्या १९६७ ने जे सिद्ध होणार नव्हतं ते हळूहळू दिसायला लागतं. पातळी माथ्याला गेल्यावर, काही आठवड्यांच्या अंतराने, धक्के वाढतात. पाणी उतरत असताना आणखी एक लहानशी चढण दिसते. मधला उशीर छिद्रदाब खाली झिरपायला लागणाऱ्या वेळेशी जुळतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींवर अनेक दशकं काम केलं. त्यांचं एक निरीक्षण मला पद्धतीच्या दृष्टीने फार आवडतं. कोयनेतले पाचच्या वरचे भूकंप तपासले तर त्याआधी जलाशयाची पातळी आठवड्याला १२ मीटर किंवा जास्त वेगाने चढलेली दिसते. पण प्रत्येक वेगवान चढणीनंतर मोठा भूकंप येत नाही. म्हणजे अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा फरक मावत नाही. 'पाणी वेगाने भरलं, भूकंप येणार' असं म्हणणं चूक, आणि 'यंदा वेगाने भरलं तरी काही झालं नाही, म्हणजे संबंध नाही' हेही तितकंच चूक.

याला जोड आली ती दुसऱ्या धरणाची. कोयनेच्या दक्षिणेला वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागला, आणि त्यानंतरच्या वर्षांत भूकंपांचं क्षेत्र दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकत गेलं. १९९३-९४ मध्ये तिथे पाचच्या वरचे धक्के येऊन गेले. हा प्रयोग कुणी आखला नव्हता. पण 'नवं पाणी, नवी जागा, नवे धक्के' हा क्रम योगायोग म्हणून झटकून टाकायला आता मन धजत नव्हतं. १९६७ पासून या पट्ट्यात पाचच्या वरचे वीसहून अधिक आणि चारच्या वरचे दोनशेच्या आसपास भूकंप झाले, आणि जवळजवळ सगळे साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या तुकड्यात. सह्याद्रीचा उरलेला कडा त्या मानाने गप्प आहे.

गप्प राहिलेल्यांकडेही बघायला हवं. विद्यार्थी इथेच चुकतात. सह्याद्रीत धरणं पुष्कळ, पाऊस तोच, कातळ तोच. भातसा धरणाजवळ १९८३ मध्ये धक्के बसले. बाकी बहुतेक धरणांखाली काहीच घडलं नाही. जिथे भूकंप झाले तेवढीच धरणं गोळा करून 'धरण म्हणजे भूकंप' असा निष्कर्ष काढणं म्हणजे दवाखान्यातल्या रांगेवरून गावाची तब्येत ठरवणं. चापाबरोबर भरलेली बंदूकही लागते, म्हणजे ताणाखाली असलेला, सरकायच्या बेतातला भ्रंश. तो कुठे आहे हे वरून दिसत नाही. वर एक किलोमीटर जाडीचं लाव्हाचं घोंगडं पसरलेलं आहे.

आता अभियंत्याकडे येऊ. त्याच्या हाती एक दुर्मीळ चीज होती. धरणाच्या गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या पोटातल्या बोळात, एक त्वरणमापक (हादरा किती जोराचा ते मोजणारं यंत्र) बसवलेला होता आणि त्या पहाटे तो चालू होता. त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेला गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, नदीच्या दिशेला सुमारे ०.४९ पट आणि उभ्या दिशेला ०.३४ पट त्वरण नोंदवलं. धरणाचा आराखडा करताना धरलं होतं ०.०५. म्हणजे नदीच्या दिशेला दहापट धक्का बसला आणि धरण कोसळलं नाही. ही शाबासकी आणि इशारा, दोन्ही एकत्र.

हे ०.०५ कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. त्या काळची रीतच तशी होती. धरणाचं वजन घ्यायचं, त्याच्या पाच टक्के आडवं बळ सगळ्या उंचीवर सारखं लावायचं, आणि भिंत उलटत नाही ना, सरकत नाही ना, एवढं बघायचं. जणू भिंत म्हणजे एक जड कपाट. पण धरण हलताना कपाटासारखं हलत नाही, वेताच्या छडीसारखं डोलतं. पायथ्याशी थोडं, माथ्याशी खूप. कोयनेचा छेद आधीच जरा वेगळा होता. बांधकाम चालू असतानाच उंची वाढवण्याचा निर्णय झाल्यामुळे वरच्या भागात मागच्या बाजूचा उतार अचानक बदलतो. पायापासून साधारण ६६ मीटरवर, नेमक्या त्याच गळ्याशी, भिंत ज्या उभ्या ठोकळ्यांची बनली आहे त्यांतल्या उंच ठोकळ्यांच्या दोन्ही बाजूंना आडवे तडे गेले. जुन्या पद्धतीच्या हिशोबात तिथे काही व्हायलाच नको होतं.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे अनिल चोप्रा आणि सहकाऱ्यांनी कोयनेची तीच नोंद संगणकात घालून धरणाचं डोलणं गणिताने उभं केलं. ताण सर्वांत जास्त आला तो त्या गळ्याशीच, आणि तिथे काँक्रीटच्या ताण सोसण्याच्या मर्यादेपलीकडे गेला. प्रत्यक्ष तडा आणि कागदावरचा तडा एका जागी आले. तेव्हापासून जगात कुठेही कुणी काँक्रीट धरणाला तडे जाण्याचं नवं गणित लिहिलं की आधी ते कोयनेवर चालवून बघतात. पाटण तालुक्यातली एक भिंत आणि तिची काही सेकंदांची नोंद अशी जगभरच्या प्रबंधांची कसोटी झाली. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं, याची मला गंमतही वाटते आणि थोडी खंतही.

दुरुस्ती मात्र या गणिताची वाट बघत बसली नाही. तडे इपॉक्सीने भरले, उंच ठोकळ्यांतून ताणलेल्या पोलादी केबल घातल्या, मग मागच्या बाजूने काँक्रीटचे जाड आधार चढवले. उत्तर पूर्ण नसताना, चुकलोच तर सुरक्षिततेच्या बाजूने चुकू, असा तो निर्णय. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर पुढे कित्येक वर्षांनी झालं.

धोरणाच्या बाजूने काही गोष्टी लवकर झाल्या. नदीखोरे प्रकल्पांवर भूकंपमापक कसे बसवावेत याचं भारतीय मानक १९६८ मध्येच निघालं. १९७० मध्ये देशाचा भूकंप-क्षेत्र नकाशा सुधारला, 'शून्य' नावाचं, म्हणजे धोका नाही असं मानलेलं, क्षेत्र त्यातून गेलं आणि कोयनेचा पट्टा चौथ्या, म्हणजे मोठ्या धोक्याच्या, क्षेत्रात आला.

पण एक गोष्ट मला खटकत राहते. १९६७ मध्ये माणसं धरणामुळे मेली नाहीत, घरांमुळे मेली. दगड-मातीच्या जाड भिंती, सांध्यांना पकड नाही, कोपऱ्यांना बांध नाही, वर जड छप्पर. १९९३ मध्ये किल्लारीला पुन्हा तेच झालं, कितीतरी पटींनी. 'धरणामुळे का?' हा प्रश्न इतका आकर्षक आहे की 'भिंतीमुळे का?' हा त्याच्या सावलीत राहिला. पहिल्याला भ्रंशाचा शोध लागतो, दुसऱ्याला गवंड्याचं प्रशिक्षण आणि कोपऱ्यात घालायला आडवे लांब दगड. पहिल्यावर प्रबंध निघतात.

तरीही पहिला प्रश्न सोडून देण्यासारखा नाही, आणि त्याचा पुढचा टप्पा जमिनीच्या पोटात आहे. केंद्रबिंदू कसा काढतात ते बघितलं की का ते कळतं. भूकंपलेखावर आधी एक बारीक थरथर येते, मग एक मोठी. पहिली लाट वेगाने येते, दुसरी मागून. दोन्हींमधलं सेकंदांचं अंतर मोजायचं आणि ढोबळ मानाने आठने गुणायचं. दोन सेकंद असेल तर भूकंप १६ किलोमीटरवर. चार ठिकाणांहून अशी चार अंतरं काढली की जागा सापडते. पण वाचताना सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली तरी पाऊण किलोमीटर इकडचं तिकडे. त्यात वरची माती, पाऊस, वारा, रस्त्यावरची वाहनं या सगळ्यांची थरथर मिसळते. एवढ्या धूसर नजरेने 'हाच भ्रंश' असं बोट ठेवता येत नाही.

म्हणून २०११ नंतर या भागात दीड किलोमीटरच्या आसपास खोल विंधणं घेतली आणि त्यांतल्या काहींत भूकंपमापक खाली उतरवले. तिथे वरचा गोंगाट पोचत नाही. कऱ्हाडला त्यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा उभी राहिली. लाव्हाची जाडी आजवर अंदाजाने सांगितली जायची, ती आता विंधणातून काढलेल्या खडकाच्या गाभ्यावर टेप लावून मोजता आली. रासाटीला सुमारे ९३३ मीटर, गोठण्याला सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि त्याखाली लगेच ग्रॅनाइटच्या जातीचा पुराणा खडक. मधे गाळाच्या खडकाचा थर नाही. २०१७ मध्ये गोठण्याचं विंधण तीन किलोमीटरच्या पुढे गेलं.

मे २००६ मध्ये गुप्तांच्या गटाने लहान धक्क्यांच्या रचनेवरून चार रिश्टरच्या आसपासचा एक धक्का आधी वर्तवला होता आणि काही दिवसांत ४.२ चा धक्का आला. एका बरोबर अंदाजावर मी फार भिस्त ठेवत नाही, गुप्तांच्या कामाबद्दल आदर असूनही. किती वेळा वर्तवलं, किती वेळा आला, न वर्तवता किती आले, ही तिन्ही खाती एकत्र लिहिली तरच हिशोब लागतो. पण असा हिशोब मांडायला जगात कोयनेइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. क्षेत्र लहान, आसपास ५० किलोमीटरमध्ये भूकंपाचं दुसरं सक्रिय क्षेत्र नाही, धक्के नेमाने येतात आणि पाण्याची पातळी रोज लिहिली जाते.

धक्के उगम पावतात ते मुख्यतः तीन किलोमीटरच्याही खाली, दहापर्यंत. तीन किलोमीटरचं विंधण ही त्या मानाने पूर्वतयारी. पुढचं विंधण भ्रंशापर्यंत पोचवून तिथला दाब आणि उष्णता भूकंपाच्या आधी, चालू असताना आणि नंतर मोजायची, असा मूळ बेत आहे. तोवर पावसाळा येईल, जलाशय चढेल, सप्टेंबरनंतर एखाद्या रात्री मांडणीवरची भांडी वाजतील, आणि सकाळच्या अंकात आतल्या पानावर दोन ओळी येतील: केंद्रबिंदू हेळवाकपासून नैऋत्येला, धरण सुरक्षित.